पादचारी: नगण्य

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "सावंतसाहेब, तुम्ही एवढे पूल बांधलेत, एखादा झकास अनुभव लिहून द्या." यातली चूक आधी दुरुस्त करतो. मी आयुष्यात एकही पूल बांधलेला नाही. दुसऱ्यांनी बांधलेले पूल मी सांभाळले, उपनगरातल्या पूल खात्यात, दुय्यम अभियंता म्हणून, नोकरीची सगळी वर्षं. पूल बांधणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, नारळ फोडताना. सांभाळणाऱ्याचं नाव छापून येतं ते पूल पडला तरच. माझं कधी आलं नाही, एवढीच माझी कर्तबगारी. ती मला पुष्कळ वर्षं पुरली. आता पुरत नाही. झकास असं माझ्याकडे काही नाही, हे मी संपादकांना तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

पूल सांभाळायचा म्हणजे काय करायचं, हे माझ्या बायकोलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. "रोज बघायला काय जाता? असतोच ना तो तिथे?" म्हणायची. तर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पुलाखाली उतरायचं, शिडी लावायची आणि छोट्या हातोडीने काँक्रीट ठोकून बघायचं. बाजारात नारळ वाजवून घेतो तसंच. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत सळई गंजून फुगली आहे आणि वरचा थर सुटायला आला आहे असं समजायचं, तिथे खडूने गोल करायचा आणि वहीत लिहायचं. आणखी एक गोष्ट सांगितली की लोक घाबरतात. पूल खांबांना चिकटवलेला नसतो. जाड रबराच्या उशांवर नुसता ठेवलेला असतो. उन्हाने तो लांबतो, थंडीने आखडतो, म्हणून त्याला हलायला मध्येमध्ये फट ठेवावी लागते. गाडीतून जाताना जो दणका बसतो तो या फटीचा. त्या दणक्यासाठी लोक आम्हाला शिव्या घालतात.

जोगेश्वरीला एक गृहस्थ होते. त्यांच्या खिडकीसमोरच अशी एक फट होती. ते दर महिन्याला सुंदर अक्षरात तक्रारअर्ज करायचे. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने पोहे केले आणि आम्ही दोघं खिडकीत बसून गाड्यांचे दणके ऐकले. पंधरवड्यात मी फटीतलं रबर बदलून घेतलं. महिन्याभराने पुन्हा अर्ज आला, त्याच सुंदर अक्षरात. आवाज थांबल्यापासून झोप लागत नाही, तरी पूल सुस्थितीत असल्याची खात्री करून कळवावे. मी कळवलं.

मुलुंडला निर्माल्याच्या पिशव्या पाण्यात टाकतात म्हणून आम्ही कठड्यावर उंच जाळी बसवली. मी ती बघायला गेलो तर एका माणसाने गाडी थांबवली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्ही खात्याचे ना? तुमचा हात पोचेल, टाका ना प्लीज." मी उंचीने पाच फूट चार इंच आहे. खात्याचा माणूस म्हटला की त्याचा हात कुठेही पोचतो, अशी लोकांची समजूत असते.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि संपादकांना तेच हवे असणार. पण कागद घेऊन बसलो की एकच पूल समोर येतो, आणि बाकीचं सांगायची लाज वाटायला लागते.

त्या पुलाचं नाव देत नाही. उपनगरातल्या एका नदीवरचा, हायवेचा पूल. नदी म्हणजे पावसाळ्यात नदी, एरवी नाला. पूर्वेच्या काठाला कोकणातल्या लोकांच्या बैठ्या चाळी. बहुतेकांचे वडील नाहीतर सासरे गिरणीत होते. गिरण्या गेल्यावर कोणी रिक्षा घेतली, कोणी वॉचमन झाले, बायका स्वयंपाकाची कामं करू लागल्या. पश्चिमेच्या काठाला तीन मजली सोसायट्या, बँकेतले, विमा कंपनीतले, शाळामास्तर. दोन्ही काठ एकमेकांना धरून होते. मराठी शाळा आणि दवाखाना पश्चिमेला, मासळीबाजार आणि स्वस्त भाजी पूर्वेला. पुलाच्या कडेला पाच फुटांचा फुटपाथ होता. सकाळी सहापासून त्यावर माणसांची रीघ लागायची. मासळीला सोसायटीतलेही यायचे, आणि त्यांतले दोघेतिघे पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे.

त्या पुलाखाली मी पहिल्यांदा शिडी लावली तेव्हा वरून कठड्यावर ओणवून एक बाई ओरडली, "ओ, काय ठोकतास? पाडतास की काय पूल?"

मी म्हटलं, "नाय हो मावशी, बघतंय."

माझ्या तोंडून मालवणी ऐकल्यावर ती तुम्हीवरून तूवर आली. "खंयचो रे तू?"

"कुडाळाकडचो. सावंत."

"मगे नीट बघ. माका दिसाक चार फेरी मारूची लागतत."

त्या रुक्मिणी परब, सगळ्यांच्या परबमावशी. नवरा गेलेला, मुलगी सासरी रत्नागिरीला. पुलाच्या तोंडाशीच त्यांची खोली होती. पलीकडे, नदीकाठच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर लेलेबाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलगा बंगळूरला. परबमावशी त्यांच्याकडे पोळ्या करायला लागल्या तेव्हा दोघींचे केस काळे होते. मी ओळखायला लागलो तेव्हा त्याला कामाला जाणं म्हणणं हास्यास्पद झालं होतं. सकाळी जाऊन मावशी स्वयंपाक करायच्या, दोघी जेवायच्या, भांडायच्या, दुपारी मावशी परत यायच्या आणि संध्याकाळी वात लावायच्या वेळेला पुन्हा जायच्या. घराच्या किल्ल्या एकमेकींकडे होत्या. वर्षातून दहा दिवस मावशी गणपतीला गावी जायच्या, तेव्हा लेलेबाई स्वतः स्वयंपाक करून हात भाजून घ्यायच्या आणि रोज दुपारचा चहा झाला की चार वाजता पूल ओलांडून मावशींच्या तुळशीला पाणी घालायला यायच्या.

मी पाहणीला गेलो की मला या दोन्ही घरी चहा मिळायचा. लेलेबाई मला विचारायच्या, "सावंत, पूल अजून किती वर्षं?" मी म्हणायचो, "तुमच्याआमच्याहून जास्त." पुढे हे खोटं ठरत गेलं. ठोकलं की जागोजाग बद्द वाजायला लागलं. मी दर वर्षी खडूचे गोल वाढवत गेलो, आणि शेवटी अहवालात लिहिलं की पूल नवा बांधावा. तिथवर माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

नवा पूल मंजूर झाला, रुंद, जास्त मार्गिकांचा. आराखडा करण्यापूर्वी मोजणी करावी लागते. किती गाड्या जातात, किती माणसं चालतात. माणसांच्या मोजणीला पादचारी गणना म्हणतात. एक माणूस पुलाच्या तोंडाशी खुर्ची टाकून सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी कागदावर एक उभी रेघ ओढतो. पाचवी रेघ आडवी. मोजायचा दिवस 'सर्वसाधारण कामाचा दिवस' असला पाहिजे, असा नियम आहे.

तो दिवस ठरवणं माझं काम होतं. वरून घाई होती. मला आठ दिवसांची रजा मंजूर झाली होती, गावच्या गाडीचं तिकीट कन्फर्म झालं होतं आणि त्याच आनंदात मी टेबल आवरत होतो. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. गणेशचतुर्थीला लाल आकडा. त्यानंतर तिसऱ्या दिवशी काळा आकडा, मधला वार. नियमाप्रमाणे सर्वसाधारण कामाचा दिवस. मी ती तारीख टाकली, सही केली आणि गावी गेलो.

वाचणारा मुंबईतला असेल तर त्याने एव्हाना कपाळाला हात लावला असेल. त्या दिवशी पूर्वेच्या चाळींना ओळीने कुलपं होती. सगळे गावी. मराठी शाळेला गणपतीची सुट्टी. मासळीबाजार बंद, कारण घरात गणपती असताना मासे कोण घेणार? जो फुटपाथ मी इतकी वर्षं माणसांनी भरलेला पाहिला होता, तो त्या दिवशी जवळजवळ रिकामा होता. दुसऱ्या कुणा अधिकाऱ्याकडून ही चूक झाली असती तर त्याला कोकणातल्या माणसांची माहिती नाही, असं म्हणता आलं असतं. मी स्वतः त्यांतलाच. भांडुपच्या माझ्या स्वतःच्या घराला त्या दिवशी कुलूप होतं आणि मी अंगणात बसून आरतीचे टाळ पुसत होतो. कॅलेंडर बघताना मी साहेब झालो होतो, एवढंच मला आज त्याचं कारण सापडतं.

परत आलो तेव्हा टेबलावर फायलींचा ढीग होता. त्यात मोजणीचा कागद होता. बारा तासांत सव्वीस माणसं. आकडा लहान वाटला, हे मला स्पष्ट आठवतं. पण हात पुढे चालला होता. खाली नेहमीचा शब्द लिहिला, 'तपासले', आणि सही ठोकली.

काही महिन्यांनी नव्या पुलाचा नकाशा आला. मी फुटपाथ शोधू लागलो. डावीकडे नव्हता, उजवीकडे नव्हता. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि भिंतींना लागून गाड्या. टिपणीत एक ओळ होती, पादचारी: नगण्य. कपाटातून मोजणीचा कागद काढला, तारीख बघितली. गणपतीचा तिसरा दिवस.

तसाच कागद घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तारीख कोणी टाकली, सावंत?"

"मी."

"तपासले कोणी?"

"मीच."

"मग लिहून द्या की गणना चुकीची आहे आणि चूक तुमची आहे. मी वर पाठवतो. चौकशी लागेल, काम वर्षभर मागे जाईल, आणि तो पूल पावसाळ्यात पडला तर तुमच्या नावाने पडेल. तुमचाच अहवाल आहे ना धोकादायक म्हणून? किती राहिली नोकरी?"

"पाच वर्षं."

"स्वतःची वाट लावून घेऊ नका यार. पूल होऊ दे. बाजूला पादचारी पूल नंतर टाकू ना, स्वतंत्र."

मी लिहून दिलं नाही. रात्रभर विचार केला, मुलांची तोंडं डोळ्यांसमोर आणली वगैरे काही सांगणार नाही. साहेबाच्या केबिनमधून टेबलापर्यंत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यातच मी ठरवलं होतं. 'नंतर टाकू' हे शब्द मी त्याच्याकडून घेतले आणि पुढे लोकांना वाटत सुटलो.

त्याच आठवड्यात लेलेबाईंकडे गेलो. मावशी पोळ्या लाटत होत्या. बोलता बोलता लेलेबाई म्हणाल्या, "सावंत, गणपतीत पुलावर एक टोपीवाला माणूस खुर्ची टाकून बसला होता. रुक्मिणीच्या तुळशीला पाणी घालायला गेले तेव्हा माझ्याकडे बघून त्याने कागदावर काहीतरी केलं. मला वाटलं चित्र काढतोय की काय माझं. काय होतं ते?"

"मोजणी असते. नेहमीची."

"मग आम्हाला मोठा फुटपाथ मिळणार म्हणा!"

मावशी आतून म्हणाल्या, "आणि वर पत्रो घाला. उनात टाळको तापता."

मी हसलो. दोघीही हसल्या. त्या दिवशी तो चहा मी कसा संपवला, माझं मला माहीत.

जुना पूल पाडायला घेतला तेव्हा फुटपाथच्या तोंडाशी पत्रे ठोकले. लोक विचारायला आले, मी सांगितलं, नंतर स्वतंत्र पादचारी पूल होणार आहे. मी खात्याचा माणूस, शिवाय गाववाला. त्यांनी विश्वास ठेवला. नवा पूल झाला, गुळगुळीत, दणका न बसणारा. हार, भाषणं, फोटो. नदी ओलांडायला माणसाला साठ-सत्तर पावलं लागायची. आता पूर्वेहून पश्चिमेला जायचं तर रिक्षाने हायवेवर चढायचं, लांबच्या सिग्नलला वळायचं आणि उलटं यायचं. रस्ता मोकळा असला तर वीस मिनिटं, नसला तर विचारू नका.

मुलांची शाळा बदलली. पूर्वेच्या बाजारातल्या दोन मासेवाल्यांनी जागा सोडल्या. आठवड्यातून एकदोघं पुलाच्या भिंतीला चिकटून, गाड्यांच्या बाजूने पळत जायचे, पण एकाचा पाय चाकाखाली गेल्यावर तेही थांबलं. परबमावशी पहिले काही महिने रिक्षाने जात राहिल्या, दोन वेळांऐवजी एक वेळ. पुढे गुडघे गेले, रिक्षात चढउतर होईना, मग आठवड्यातून एकदा. मग तेही सुटलं. पोळ्यांना लेलेबाईंनी दुसरी बाई लावली आणि महिन्याभरात काढून टाकली.

सकाळी आठ वाजता लेलेबाई गॅलरीत यायच्या, मावशी इकडे दारात यायच्या. दोघींच्या कानाला फोन. मध्ये हायवेचा आवाज एवढा की फोनवरही नीट ऐकू यायचं नाही. "दिसतेस गं," एक म्हणायची. "काय म्हणतास?" दुसरी म्हणायची. मी हे एकदा मावशींच्या दारात उभा राहून पाहिलं. लेलेबाईंनी मलाही हात केला. "तुझो तो दुसरो पूल कधी होतलो?" मावशींनी विचारलं. मी म्हटलं, "फाइल फिरते आहे." कुठलीही फाइल कुठेही फिरत नव्हती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, एका सकाळी लेलेबाई न्हाणीघरात पडल्या. फोन कसाबसा हाताशी आला असावा. त्यांनी मावशींनाच लावला, सवयीने. शेजारच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू, दिवसभर बाहेर. मुलगा बंगळूरला. किल्ली मावशींकडे, सोसायटीतल्या दुसऱ्या कोणाचा नंबर मात्र त्यांच्याकडे नव्हता. मावशी किल्ली मुठीत घेऊन दारात आल्या, समोर गॅलरीचं दार बंद दिसत होतं. फुटपाथ असता तर गुडघे दुखत दुखतही त्या चार मिनिटांत पोचल्या असत्या. रिक्षाने पाऊण तास लागला. सिग्नलच्या अलीकडे ट्रक बंद पडला होता. रिक्षावाल्याच्या पाठीवर त्या बुक्क्या मारत होत्या, असं त्या रिक्षावाल्यानेच मला सांगितलं. त्याने त्यांच्याकडून भाडं घेतलं नाही.

दार उघडलं तेव्हा लेलेबाई शुद्धीत होत्या, ओल्या फरशीवर, थंडगार पडलेल्या. "केवढा वेळ लावलास," एवढं बोलल्या. तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारल्या. मावशी आधी पोचल्या असत्या तर त्या वाचल्या असत्या का, हे मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण तो पाऊण तास त्या एकट्या पडून होत्या आणि तो माझ्या सहीचा होता, हे मला माहीत आहे.

मी भेटायला गेलो. मावशी खाटेवर बसल्या होत्या. ती किल्ली समोर तुळशीच्या कट्ट्यावर होती. मी सगळं सांगितलं. तारीख, कॅलेंडर, रजा, सव्वीस, साहेब, लिहून दिलं नाही ते. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि खरं सांगतो, मला त्या हव्या होत्या.

त्या म्हणाल्या, "त्या दिसाक मी गावाक होतंय. तूय गावाक होतंस. आपणच नाय, मगे मोजतलो कोण कोणाक?"

त्यांनी रागावायला हवं होतं. असं सगळं दोघांत वाटून घ्यायला नको होतं.

लेलेबाई गेल्यानंतर दोन्ही काठांच्या लोकांनी मिळून अर्ज केला, पादचारी पूल द्या. सह्यांचे कागदच्या कागद. खात्याने उत्तर दिलं की मागील गणनेनुसार पादचारी नगण्य असल्याने नव्याने गणना करावी. ते काम माझ्याकडे आलं. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. या वेळी मी दिवस निवडला. गणपती नाही, शिमगा नाही, मे महिना नाही, शाळा चालू, बाजार चालू. खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवलं नाही. स्वतः बसलो, पूर्वेच्या तोंडाशी, सकाळी आठला.

दहा वाजले, अकरा वाजले. कागद कोरा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला दुपार उजाडली. चालायला जागाच नाही तर चालणार कोण? जिथे फुटपाथ नाही तिथे पादचारी नसतात आणि जिथे पादचारी नाहीत तिथे फुटपाथ मिळत नाही. हे कागद वाचतानाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं, वरच्यांच्याही यायला हवं होतं. कदाचित त्यांच्या आलं असेल.

तीनच्या सुमाराला मावशी काठी टेकत बाहेर आल्या. माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "कितकी माणसां झाली?"

"एकय नाय."

त्यांनी पुलाकडे बघितलं. गाड्या भिंतीला घासून जात होत्या. मग काठी पुढे टाकून त्या हायवेकडे निघाल्या. "मोज माका."

मी धावत जाऊन दंड धरला. "मावशी, काय करतास! मराल!"

"सोड माझो हात. आकडो व्हयो ना तुका? मी जातंय आणि येतंय. दोन लिव."

"नको मावशी. पाया पडतंय तुमच्या."

एक ट्रक आमच्या अंगावर वारा टाकत गेला. त्यांच्या हातातला जोर गेला. मी त्यांना आणून माझ्या खुर्चीवर बसवलं आणि शेजारी जमिनीवर बसलो. कागद माझ्याच हातात होता. शे-दोनशे रेघा ओढल्या असत्या तर कोणी विचारणार नव्हतं. आजवर खोटा आकडा लिहिला नाही, हा माझा अभिमान होता, आणि त्या दुपारी तो मला काडीच्याही उपयोगाचा वाटत नव्हता. तरीही मी ओढल्या नाहीत. का नाही, हे मला आजपर्यंत नीट सांगता आलेलं नाही. हात सरळ लिहायला शिकलेला होता, आणि मी भित्राही होतो. आठ वाजता शून्य लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात 'पायी जाण्यास जागाच नाही' असं लिहिलं. खाली तपासले, आणि सही. टाइप होऊन आलेल्या प्रतीत शेऱ्याचा रकाना नव्हता. अर्ज महिन्याभरात निकाली निघाला, तोवर मी निवृत्त झालो होतो.

पण त्या दुपारचं थोडं राहिलं. मावशी माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या, श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या, "आणि त्या येळाक कितकी होती?"

"सव्वीस."

"मगे ता बरा होता. त्यात आमची बाई होती ना?"

जुन्या कागदाची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. साहेबांच्या केबिनमधून परत आलो त्या दिवसापासून मी ती बरोबर घेऊन फिरत होतो. काढून त्यांच्यासमोर धरली. तासातासाचे चौकोन, त्यांत रेघा. चार ते पाचच्या चौकोनात, पश्चिमेकडून पूर्वेकडे, एकच रेघ होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. "नाव नाय लिवलंस?"

"नाव लिहीत नाहीत, मावशी. नुसती रेघ मारतात."